मन्रो किल्ल्यातला वकील

२३ मे १८६१. त्या दिवशी व्हर्जिनियात मतदान झालं आणि अमेरिकेच्या संघराज्यातून फुटून निघण्याच्या ठरावावर तिथल्या मतदारांनी शिक्कामोर्तब केलं. मतदार म्हणजे फक्त गोरे पुरुष. राज्यातल्या जवळजवळ पाच लाख गुलामांचं मत विचारण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच रात्री त्या पाच लाखांपैकी तिघांनी आपलं मत आपल्या रीतीनं नोंदवलं.

हॅम्प्टन रोड्स या विस्तीर्ण नैसर्गिक बंदराच्या दक्षिण काठावर, स्यूएल्स पॉइंट इथं, बंडखोर फौज तोफांसाठी मोर्चा बांधत होती. माती खणायला आणि वाहायला गुलाम लावले होते. फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे त्यांतलेच तिघे. आपल्याला आता आणखी दक्षिणेला, कॅरोलिनात, अशाच कामावर नेणार आहेत हे त्यांना कळलं होतं. तिघांपैकी दोघांची बायकामुलं याच भागात राहत होती. एकदा कॅरोलिनात गेल्यावर ती पुन्हा नजरेला पडतील याची काहीच शाश्वती नव्हती. अंधार पडल्यावर तिघांनी एक होडी मिळवली, पाणी ओलांडलं आणि समोरच्या टोकावरच्या फोर्ट मन्रोच्या पहारेकऱ्यांपुढे ते जाऊन उभे राहिले.

फोर्ट मन्रो हा व्हर्जिनियाच्या भूमीवरचा, पण संघराज्याच्या सैन्यानं हातचा न सोडलेला दगडी किल्ला. याच टोकावर, पॉइंट कम्फर्टला, १६१९ साली एका जहाजानं आफ्रिकेतून पकडून आणलेली वीसेक माणसं उतरवली होती. इंग्रजांच्या त्या वसाहतीतला गुलामगिरीचा इतिहास तिथून मोजतात.

किल्ल्याचा सेनापती बेंजामिन फ्रँकलिन बटलर एकच दिवस आधी तिथं हजर झाला होता. वय ४२, बुटका, अंगानं स्थूल, डोक्याला टक्कल आणि एका डोळ्याची पापणी कायमची उतरलेली. लष्करी विद्यालयाचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं. वेस्ट पॉइंटला जायची लहानपणी फार इच्छा होती, पण प्रवेश मिळाला नाही. खांद्यावर मेजर जनरलची चिन्हं होती, तरी आयुष्याची वीस वर्षं त्यानं मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयांत साक्षीदारांची उलटतपासणी घेण्यात घालवली होती. २४ मेच्या सकाळी ही तीन माणसं त्याच्यासमोर आली तेव्हा त्यानं वकिलासारखेच प्रश्न विचारले. कुठून आलात, मालक कोण, काय काम करत होता, तिथं तोफा किती आहेत?

मालक म्हणजे व्हर्जिनियाच्या मिलिशियाचा कर्नल चार्ल्स मॅलरी. संघराज्याविरुद्ध शस्त्र उचललेला माणूस. पण कायद्याच्या लेखी त्यानं काही फरक पडत नव्हता. १८५०च्या फरारी गुलाम कायद्यानुसार पळून आलेला गुलाम मालकाला परत करणं बंधनकारक होतं. त्याला आसरा देणाऱ्याला हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकत होती. राज्याराज्यांतल्या गुलामगिरीला हात लावणार नाही असं अध्यक्ष लिंकननं शपथविधीच्या भाषणात जाहीर केलं होतं. मार्चमध्ये फ्लोरिडातल्या फोर्ट पिकन्सच्या दारात असेच आठ जण मोठ्या आशेनं आले होते. तिथल्या अधिकाऱ्यानं त्यांना परत पाठवलं आणि वरिष्ठांपैकी कुणी त्याला बोल लावला नाही.

बटलर काही वेगळं करील असं त्याच्या पूर्वायुष्यात काहीही नव्हतं.

त्याचा जन्म ५ नोव्हेंबर १८१८ रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या डीअरफील्डचा. तो तान्हा असतानाच वडील वेस्ट इंडीजमध्ये पिवळ्या तापानं गेले. आई शार्लट धीराची बाई. मुलं घेऊन ती मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल या नव्या गिरणगावात आली आणि तिथं तिनं गिरणीकामगारांसाठी खाणावळ चालवली. लोवेलच्या कापडगिरण्यांत खेड्यापाड्यांतून आलेल्या तरुण मुली राबत. त्यांच्या पगाराच्या, आजारपणाच्या आणि मुकादमाच्या जाचाच्या गोष्टी बेंजामिननं लहान वयातच ऐकल्या. त्यानं पाद्री व्हावं अशी आईची इच्छा होती. वॉटरव्हिल कॉलेजातून तो १८३८ साली पदवी घेऊन बाहेर पडला आणि वकिलीकडे वळला. १८४० साली सनद मिळाली.

त्याच्या सुरुवातीच्या दिवसांतली एक हकीकत लोवेलमध्ये पुढे अनेक वर्षं सांगितली जाई. एका गिरणीमुलीचा पगार मालकांनी अडकवला होता. बटलरनं दावा लावला आणि जप्तीसाठी गिरणीचं पाणचक्र दाखवलं. चक्र थांबलं म्हणजे गिरणी थांबली. पगार चुकता झाला. हकीकतीत मीठमसाला किती हे बाजूला ठेवू. समोरच्या माणसाला नेमकं कुठं दुखेल ते शोधायचं आणि कायद्याचं बोट धरून तिथंच दाबायचं, ही बटलरची वकिली होती. गिरणीत दिवसाला दहा तासांहून जास्त काम घेऊ नये या मागणीसाठी तो उभा राहिला, त्यामुळे गिरणीमालकांचा रोष ओढवला. कामगार मात्र त्याला आपला माणूस मानत. नाटकांतून काम करणाऱ्या सारा हिल्ड्रेथशी त्यानं १८४४ साली लग्न केलं आणि वकिलीत बक्कळ पैसा मिळवला.

गिरणीमुलींविषयी वाटणारी ही कळकळ दक्षिणेतल्या गुलामांपर्यंत मात्र पोचत नव्हती. लोवेलच्या मागांवर जो कापूस चढे तो त्यांच्याच हातांनी वेचलेला असे, तरीही नाही. बटलर डेमोक्रॅट होता आणि दक्षिणेतल्या मळेवाल्यांशी जुळवून घेणाऱ्या गटातला होता. १८६०च्या चार्ल्स्टनच्या पक्ष अधिवेशनात अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी त्यानं मिसिसिपीच्या जेफरसन डेव्हिसला एकामागून एक ५७ फेऱ्यांत मत दिलं. हाच डेव्हिस वर्षभरात बंडखोर राज्यांचा अध्यक्ष झाला. युद्ध सुरू झाल्यावर एप्रिल १८६१मध्ये बटलर मॅसॅच्युसेट्सची मिलिशिया घेऊन मेरीलंडमधल्या अनॅपोलिसला उतरला, तेव्हा त्यानं तिथल्या गव्हर्नरला आपण होऊन कळवलं की गुलामांनी उठाव केलाच तर तो मोडून काढायला माझे सैनिक तुमच्या मदतीला येतील. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर जॉन अँड्र्यू यावर संतापला आणि त्यानं बटलरला लेखी समज दिली. या पत्राला जेमतेम महिना झाला होता, तोच तीन गुलाम त्याच्या दारात उभे राहिले.

त्याच दिवशी दुपारी पांढरं निशाण घेऊन मेजर जॉन कॅरी किल्ल्याबाहेर आला. कॅरी हॅम्प्टनमधल्या एका विद्यालयाचा मुख्य आणि आता बंडखोर फौजेतला अधिकारी. डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनांमुळे दोघांची ओळख होती. घोड्यांवर बसूनच दोघं बोलत राहिले. कर्नल मॅलरीची तीन माणसं तुमच्याकडे आहेत, त्यांचं काय करणार, असं कॅरीनं विचारलं. ठेवून घेणार, बटलर म्हणाला. म्हणजे राज्यघटनेनं घातलेलं बंधन तुम्ही झुगारणार? बटलरचं उत्तर तयार होतं: व्हर्जिनिया म्हणते आता आम्ही परका देश आहोत. मी तिच्या शब्दावर विश्वास ठेवतो. परक्या देशाशी मला राज्यघटनेनं कुठं बांधलंय? कॅरीही कच्चा नव्हता. तो म्हणाला, पण तुमच्या मते आम्हाला फुटून निघताच येत नाही, मग तुमच्याच म्हणण्याप्रमाणे कायदा इथं लागू आहे. बटलर म्हणाला, तुमच्या मते तुम्ही फुटलेला आहात, मग तुमच्याच म्हणण्याप्रमाणे तुम्हाला त्या कायद्याखाली काही मागता येत नाही. ही माणसं माझ्याविरुद्ध तोफांचा मोर्चा बांधत होती. शत्रूच्या युद्धकामाला लागणारी मालमत्ता जप्त करण्याचा अधिकार मला आहे आणि युद्धातला निषिद्ध माल म्हणून मी त्यांना ठेवून घेतो. मॅलरीनं किल्ल्यात यावं, संघराज्याशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी आणि आपली माणसं घेऊन जावं.

त्या शेवटच्या वाक्यावर मी नेहमी अडखळतो. मॅलरी खरंच आला असता आणि त्यानं शपथ घेतली असती तर? बटलरनं शब्द पाळला असता आणि तिघे परत गेले असते. त्या दुपारी बटलरच्या मनात मुक्तीचा विचार नव्हता. शत्रूचे मजूर तोडायचे आणि आपले वाढवायचे, एवढंच गणित होतं. कायद्याच्या कसोटीवरही युक्तिवाद लंगडाच होता, कारण युद्धातल्या निषिद्ध मालाचे नियम समुद्रावरच्या तटस्थ व्यापाराला लागू होतात, होडीतून आलेल्या माणसांना नाही. वकील म्हणून आपल्याला त्या युक्तिवादाचा फारसा अभिमान वाटला नाही, असं बटलरनं स्वतः पुढे लिहून ठेवलं. तरीही त्यानं जे घडलं ते मोठमोठ्या भाषणांनी घडलं नव्हतं. गुलाम ही मालमत्ता आहे हे दक्षिणेचं म्हणणं त्यानं खोडून काढलं नाही. ते जसंच्या तसं उचललं आणि मालकावरच उलटवलं. मालमत्ता म्हणता ना, मग युद्धात मालमत्ता जप्त होते.

बातमी एका झोपडीतून दुसऱ्या झोपडीत गेली. रविवारी आणखी आठ जण आले. सोमवारी ४७, आणि त्यांत बायका, म्हातारी माणसं, कडेवरची मुलं. आता बटलरच्या युक्तिवादाची खरी परीक्षा होती. धडधाकट पुरुष तोफांसाठी माती वाहतो हे ठीक, पण तीन महिन्यांचं मूल शत्रूच्या युद्धकामाला लागणारा माल कसं? त्यानं वॉशिंग्टनला पत्र पाठवून विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता सगळ्यांना आत घेतलं. ३० मे रोजी युद्धमंत्री सायमन कॅमेरनचं उत्तर आलं: परत पाठवू नका, कामाला लावा, कामाचा आणि खर्चाचा हिशेब ठेवा, पुढचं पुढे पाहू.

३० जुलैला बटलरनं कॅमेरनला लिहिलेलं पत्र या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा कागद आहे. त्या पत्रात आधी हिशेब येतो. किल्ल्यात आणि आसपास ९०० माणसं आहेत. त्यांत ३०० धडधाकट पुरुष, जड कामाचं वय उलटलेले ३०, बायका १७५, दहा वर्षांखालची मुलं २२५ आणि दहा ते अठरा वयाची १७०. मग प्रश्न. ही माणसं मालमत्ता आहेत का? मालकांनी टाकून दिली आणि आम्ही वाचवली, तर बुडत्या जहाजातून वाचवलेल्या मालासारखी ती आमची होतात का? पण आम्हाला असली मालमत्ता नको आहे आणि आम्ही ती बाळगणारही नाही. मग मालकी उरली कुणाची? कुणाचीच नाही. तर मग ती पुन्हा पुरुष, स्त्रिया आणि मुलं झाली नाहीत का? मे महिन्यात मालमत्तेच्या कायद्यानं सुरू झालेला विचार जुलैत त्याच कायद्याच्या वाटेनं माणसापर्यंत आला. मधल्या दोन महिन्यांत बटलरनं त्या ९०० माणसांना रोज पाहिलं होतं. त्यांची भाकरी, कपडे, निवारा यांची तजवीज केली होती. हा बदल त्यांनीच घडवला असं मला वाटतं. तिघे आले नसते तर बटलरला युक्तिवाद सुचायचं कारणच नव्हतं.

आठवडाभरात, ६ ऑगस्टला, काँग्रेसनं पहिला जप्ती कायदा मंजूर केला. बंडाच्या कामाला जुंपलेल्या गुलामावरचा मालकाचा हक्क संपला. पुढच्या वर्षी दुसरा, अधिक कडक कायदा आला आणि १ जानेवारी १८६३ला लिंकनची मुक्तीची घोषणा लागू झाली. संघराज्याचं सैन्य जिथं जाई तिथं पळून आलेल्या गुलामांच्या छावण्या उभ्या राहू लागल्या. हॅम्प्टनजवळच्या छावणीत मेरी पीक नावाच्या स्वतंत्र कृष्णवर्णीय शिक्षिकेनं १८६१च्या शरदातच मुलांना अक्षरओळख करून द्यायला सुरुवात केली. व्हर्जिनियाच्या कायद्यानं त्यांना लिहायला-वाचायला शिकवणं गुन्हा होता. या लढ्याचे पडसाद आपल्याकडेही उमटले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं, ते गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण करून.

रणांगणावर बटलरची कामगिरी वाईट होती. जून १८६१मध्ये बिग बेथेलला त्याच्या दोन तुकड्यांनी पहाटेच्या अंधुक उजेडात एकमेकींवरच गोळ्या झाडल्या. शहर चालवायला दिलं तेव्हा मात्र त्याचा हात बसला. एप्रिल १८६२च्या अखेरीस संघराज्याचा आरमारी सेनापती फॅरागट याच्या आरमारानं न्यू ऑर्लिन्स जिंकलं आणि १ मेला बटलरनं त्याचा ताबा घेतला. हे अमेरिकेतून कापूस बाहेर पाठवणारं सर्वांत मोठं बंदर होतं. दक्षिणेचा कापूस अडकला तसा लँकेशरच्या गिरण्यांनी मुंबईकडे मोर्चा वळवला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. शेअरदलाल प्रेमचंद रायचंद, बॅकबे रेक्लमेशन कंपनी, शेअरचा तो उन्माद आणि १८६५ साली युद्ध संपताच झालेली पडझड, हे सगळं याच युद्धाच्या दुसऱ्या टोकाला घडलं.

न्यू ऑर्लिन्समध्ये १८५३च्या साथीत पिवळ्या तापानं जवळजवळ आठ हजार माणसं गेली होती. यंदा तापच आमचा सूड घेईल अशी आशा तिथले बंडखोर उघड बोलून दाखवत. त्या तापानं बटलरच्या वडिलांचाही बळी घेतला होता. त्यानं बंदराच्या खाली नदीवर जहाजं अडवून विलगीकरण सक्तीचं केलं, बेकार हातांना कामाला लावून गटारं, कालवे, बाजार धुऊन काढले आणि त्या मजुरांना रोजी व शिधा दिला. खर्चासाठी त्यानं बंडाच्या निधीला वर्गणी दिलेल्या श्रीमंतांवर पट्टी बसवली. ताप डासांमुळे पसरतो हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी त्या उन्हाळ्यात तापाचे बळी अगदी बोटांवर मोजण्याइतकेच राहिले. शहरातल्या गरिबांनी त्या वर्षी पोटभर खाल्लं, हे त्याच्या शत्रूंनाही नाकारता आलं नाही.

पण त्याचं नाव तिथं कायमचं काळवंडलं ते १५ मेच्या हुकुमानं. शहरातल्या प्रतिष्ठित बायका संघराज्याच्या सैनिकांवर थुंकत, रस्त्यात त्यांचा पाणउतारा करत. खुद्द फॅरागटच्या डोक्यावर खिडकीतून घाण ओतली गेली असं सांगतात. बटलरनं हुकूम काढला: शब्दानं, हावभावानं किंवा हालचालीनं सैनिकाचा अपमान करणाऱ्या बाईला धंदा करणारी बाजारबसवी समजून वागवलं जाईल. अपमान थांबले, पण ब्रिटिश पार्लमेंटमध्ये पंतप्रधान पामर्स्टननं त्याचा जाहीर निषेध केला आणि दक्षिणेनं त्याला ‘पशू बटलर’ हे नाव दिलं. त्या हुकुमानं कुणा बाईवर प्रत्यक्ष अत्याचार झाला नाही, असं समर्थन त्याचे चाहते करतात. मला ते पटत नाही. बाईच्या अब्रूची धमकी देऊन शहर वठणीवर आणणं हे हलकंच काम. त्यातून गिरणीमुलींचा वकील म्हणून वाढलेल्या माणसानं ते केलं, म्हणून अधिकच खुपतं. संघराज्याचा झेंडा उतरवून फाडणाऱ्या विल्यम ममफर्डला त्यानं ७ जूनला फाशी दिलं. बटलरच्या भावानं तिथल्या व्यापारात अमाप पैसा केला आणि बटलरवर चांदीचे चमचे पळवल्याचा आरोप जन्मभर राहिला. त्याच्यावर चोरी कधी शाबीत झाली नाही, पण भावाला आवरलं नाही हा दोष त्याचाच. डिसेंबरात त्याला तिथून हलवलं. जेफरसन डेव्हिसनं फर्मान काढलं की बटलर हाती लागला तर जागच्या जागी फासावर लटकवा. याच डेव्हिसला त्यानं ५७ वेळा मत दिलं होतं.

न्यू ऑर्लिन्सहून निघण्याआधी त्यानं आणखी एक गोष्ट केली होती. त्याच्या हाताखालचा जनरल फेल्प्स पळून आलेल्या गुलामांना शस्त्रं द्यायचं म्हणत होता. बटलरनं ते मानलं नाही, त्यांना झाडं तोडायला लावा म्हणून कळवलं आणि फेल्प्सनं राजीनामा दिला. महिन्याभरात सैनिकांची चणचण भासू लागली, तेव्हा बटलरनं स्वतःच कृष्णवर्णीयांची पलटण उभी केली. लुइझियाना नेटिव्ह गार्ड्सची पहिली पलटण २७ सप्टेंबर १८६२ला संघराज्याच्या सेवेत दाखल झाली, आणि तिच्या कंपन्यांचे अधिकारीही कृष्णवर्णीय होते. श्रेय फेल्प्सलाही मिळायला हवं. बटलरचं हे असंच असे. योग्य गोष्टीकडे तो बहुतेक वेळा गरजेच्या वाटेनं येई, आणि एकदा आला की मागे फिरत नसे.

१८६४ साली तो पुन्हा व्हर्जिनियात, जेम्स नदीकाठच्या फौजेचा सेनापती होता. मे महिन्यात बर्म्युडा हंड्रेडच्या बेचक्यात त्याची फौज अशी अडकली की बाटलीत घालून बूच बसवावं तशी ती बंद झाली, अशा अर्थाचं सरसेनापती ग्रँटच्या अहवालातलं वर्णन बटलरला जन्मभर डाचलं. पण २९ सप्टेंबरच्या न्यू मार्केट हाइट्सच्या लढाईबद्दल तो वेगळ्याच सुरात बोलत असे. पहाटे कृष्णवर्णीय पलटणींनी दलदल आणि काटेरी झाडांचे अडथळे पार करून बंडखोरांचा मोर्चा घेतला. अधिकारी पडले तिथं सार्जंटांनी तुकड्या पुढे नेल्या. त्या दिवसाच्या पराक्रमासाठी १४ कृष्णवर्णीय सैनिकांना मेडल ऑफ ऑनर मिळालं. बटलरनं शिवाय आपल्या पदरचा पैसा घालून चांदीची पदकं पाडून घेतली आणि त्यांना दिली. दहा वर्षांनी काँग्रेसमध्ये त्यानं सांगितलं की लढाईनंतर तो त्या चिंचोळ्या पट्ट्यातून घोड्यावरून गेला, आणि पडलेल्या सैनिकांच्या देहांना टाप लागू नये म्हणून त्यानं घोडा डावी-उजवीकडे वळवत नेला. या माणसांच्या हक्कांसाठी जन्मभर लढेन अशी शपथ आपण तिथं घेतली, असं तो म्हणाला.

त्याच शरदात बंडखोरांनी पकडलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांना तोफांच्या माऱ्यात खंदक खणायला लावलं. बटलरनं लगेच तितकेच बंडखोर कैदी डच गॅपच्या कालव्याच्या खोदकामावर, त्यांच्याच तोफांच्या पल्ल्यात, आणून उभे केले. काही दिवसांत कृष्णवर्णीय कैद्यांना तिथून हलवलं गेलं. गिरणीचं पाणचक्र जप्त करणारा वकील इथंही तोच होता.

डिसेंबरात फोर्ट फिशरवरची त्याची मोहीम फसली. दोनशे टनांहून जास्त दारूगोळ्यानं भरलेलं जहाज किल्ल्याजवळ उडवायची कल्पना त्याचीच. स्फोट झाला, किल्ला हलला नाही. ग्रँटनं त्याला घरी पाठवलं. हा किल्ला हल्ला करून घेता येण्यासारखा नाहीच, असं तो काँग्रेसच्या समितीपुढे पटवून देत असतानाच दुसऱ्या सेनापतीनं तो घेतल्याची बातमी येऊन धडकली.

युद्धानंतर रिपब्लिकन म्हणून १८६७ ते १८७५ आणि पुन्हा १८७७ ते १८७९ तो काँग्रेसमध्ये होता. अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनवरच्या महाभियोगात आरोपकर्त्यांच्या वतीनं पहिलं भाषण त्यानंच केलं, रुक्ष आणि लांबलचक. जॉन्सन एका मतानं सुटला. १८७३ साली सभासदांचा पगार मागच्या तारखेपासून वाढवून घेण्यात तो पुढे होता आणि लोकांनी त्याला त्याबद्दल धारेवर धरलं, ते रास्तच होतं. पण याच वर्षांत दक्षिणेत कू क्लक्स क्लॅनच्या टोळ्या रात्री घरांत घुसून कृष्णवर्णीय मतदारांना फटके मारत, ठार करत, आणि स्थानिक शेरीफ व ज्यूरी डोळ्यांवर कातडं ओढून घेत. बटलरनं त्याविरुद्ध कडक विधेयक आणलं. ते तसंच मंजूर झालं नाही. ओहायोच्या सॅम्युअल शेलाबार्गरनं नवा मसुदा केला आणि २० एप्रिल १८७१ला त्याचा कायदा झाला. रेल्वे, खाणावळी, नाटकगृहं सर्वांना सारखी खुली करणारं सिनेटर चार्ल्स समनरचं नागरी हक्क विधेयक बटलरनं समनरच्या मृत्यूनंतर प्रतिनिधिगृहात लावून धरलं आणि मार्च १८७५मध्ये ते कायद्यात आणलं. स्त्रियांना मताचा हक्क राज्यघटनेनं दिलेलाच आहे, हा व्हिक्टोरिया वुडहलचा अर्ज १८७१ साली समितीपुढे आला तेव्हा तिच्या बाजूनं अल्पमताचा अहवाल देणाऱ्या दोघांतही तो होता.

त्याचा जावई अ‍ॅडेलबर्ट एम्स मिसिसिपीचा गव्हर्नर होता. १८७५ साली बंदुकांच्या जोरावर कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवण्यात आलं आणि पुढच्या वर्षी एम्सला पद सोडावं लागलं. उत्तरेतल्या बहुतेक पुढाऱ्यांचा तोवर या प्रश्नातला रस संपला होता. १८८३ साली सर्वोच्च न्यायालयानं १८७५चा नागरी हक्क कायदा रद्द ठरवला.

त्या वर्षी बटलर मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर होता, या वेळी पुन्हा डेमोक्रॅटांच्या पाठिंब्यावर. कारकीर्द एकच वर्षाची. त्यात त्यानं जॉर्ज रफिन यांना न्यायाधीश नेमलं, मॅसॅच्युसेट्समधले ते पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश. शेरबर्नच्या स्त्रियांच्या तुरुंगाचा कारभार युद्धातल्या सेवेनं नावाजलेल्या क्लारा बार्टनकडे दिला. ट्यूक्सबरीच्या सरकारी निराधारगृहात गरिबांचे मृतदेह वैद्यकीय शाळांना विकले जात असल्याचं प्रकरण त्यानं चव्हाट्यावर आणलं. हार्वर्डनं गव्हर्नरला मानद पदवी द्यायची जुनी प्रथा त्याच्या बाबतीत मोडली. १८८४ साली त्यानं ग्रीनबॅक पक्षातर्फे अध्यक्षपदाची निवडणूक लढवली आणि पावणेदोन लाखांच्या आसपास मतं मिळवली. वकिली अखेरपर्यंत सुटली नाही. ११ जानेवारी १८९३ला तो वॉशिंग्टनमध्ये वारला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयातल्या एका खटल्यासाठीच तिथं गेला होता. त्याला लोवेलला नेऊन पुरलं.

क्लॅनविरुद्धच्या १८७१च्या त्या कायद्यात एक कलम होतं. सरकारी अधिकारानं वागणाऱ्या माणसानं राज्यघटनेतला हक्क हिरावला तर नागरिकाला त्याच्यावर थेट संघराज्याच्या न्यायालयात दावा लावता येईल. क्लॅनच्या काळानंतर ते जवळजवळ नव्वद वर्षं क्वचितच वापरलं गेलं. १९५८ साली शिकागोत तेरा पोलीस पहाटे एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरात वॉरंटशिवाय घुसले, त्यांना विवस्त्र उभं केलं, घर उचकटलं आणि घरधन्याला दहा तास ठाण्यात डांबून काही आरोप न ठेवता सोडून दिलं. कुटुंबानं याच कलमाखाली दावा लावला. फेब्रुवारी १९६१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की दावा चालेल आणि पोलिसांना वैयक्तिकरीत्या उत्तर द्यावं लागेल. तेव्हापासून अमेरिकेत पोलिसांच्या जुलमाविरुद्ध नागरिक न्यायालयात जातात, ते बहुतेक वेळा हेच कलम हातात घेऊन.